नवं फुप्फुस, जुने पाय

फुप्फुस प्रत्यारोपण करून माणूस घरी आला की सगळं घर त्याला जपायला लागतं. पाण्याचा पेला हातात येतो. जिन्याचं नाव काढायची सोय नसते. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो म्हटलं की ‘बाबा, तुम्ही बसा हो, मी आणतो’ हे उत्तर तयार असतं. यात माया असते, भीती असते आणि एक समजूतही असते. दुसऱ्याचं फुप्फुस छातीत बसवलंय, ते हळवं आहे, श्वासाला जोर पडला तर ते दगा देईल, अशी ती समजूत. माया आणि भीती कुणालाही कळेल. समजूत मात्र खोटी आहे आणि ती रुग्णाला महागात पडते. सगळं सुरळीत पार पडलेल्या प्रत्यारोपणानंतर माणसाला चालताना, चढताना जी गोष्ट थांबवते ती बहुतेक वेळा फुप्फुस नसतेच. ते पाय असतात. हे कळायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. आपल्या घराघरांत आणि अनेक रुग्णालयांतही ते अजून पोचलेलं नाही.

या भीतीला इतिहास आहे, म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. दात्याचं फुप्फुस काढताना श्वासनलिकेची फांदी, फुप्फुसधमनी आणि फुप्फुसशिरा कापतात आणि नव्या शरीरात त्या पुन्हा सांधतात. बाकी जे तुटतं ते तुटलेलंच राहतं. मेंदूकडून श्वासनलिकांकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या शाखा तुटतात, लसीकावाहिन्या तुटतात, नलिकेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक ब्रॉन्कियल धमन्याही तुटतात. शेवटचं नुकसान सुरुवातीच्या काळात जिवावर बेतलं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात जेम्स हार्डी यांनी जून १९६३मध्ये माणसातलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण अठरा दिवस जगला. पुढच्या पंधरा-एक वर्षांत जगभरात सुमारे चाळीस प्रयत्न झाले आणि रुग्ण दोन-तीन आठवड्यांपलीकडे तगला की श्वासनलिकेचा सांधाच उसवायचा. रक्त कमी पडलेलं ते टोक जुळायचं नाही. टोरोंटोत जोएल कूपर यांच्या गटाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिली जाणारी जबर मात्रेतली स्टेरॉइडंच सांधा भरू देत नाहीत. त्यांनी पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, ओमेंटमचा, एक पदर वर ओढून सांध्याभोवती गुंडाळला आणि रक्ताची सोय केली. तोवर सायक्लोस्पोरिन आलं होतं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस स्टेरॉइडशिवाय काढता येत होते. १९८३मध्ये फुप्फुसाच्या फायब्रोसिसने जेरीस आलेल्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला टोरोंटोत एक फुप्फुस बसवलं आणि तो सहा वर्षांहून अधिक जगला.

म्हणजे श्वासनलिका हा या शस्त्रक्रियेचा जन्मापासूनचा दुखरा भाग. तिला जपण्याची सवय इथून आली आणि पहिल्या काही आठवड्यांपुरती ती रास्तच आहे. पण सांधा भरून येतो आणि सवय मात्र वर्षानुवर्षं राहते.

तुटलेल्या मज्जातंतूंचं काय? १८६८ साली व्हिएन्नात एवाल्ड हेरिंग आणि योसेफ ब्रॉयर यांनी दाखवलं होतं की फुप्फुस फुगलं की व्हेगसमार्फत मेंदूला निरोप जातो आणि श्वास घेणं थांबतं. प्राण्यांमध्ये दोन्ही बाजूंच्या व्हेगस कापल्या की श्वास संथ आणि खोल होतो. मग माणसात फुप्फुसाचा मेंदूशी असलेला संबंधच तुटला तर? जिवंत माणसावर असा प्रयोग कोण करणार? १९८१मध्ये स्टॅनफर्डला ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी हृदय आणि दोन्ही फुप्फुसं एकत्र बसवायला सुरुवात केली, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं पहिल्यांदा दवाखान्यातून चालत बाहेर पडली. त्यांचा श्वास पाहणाऱ्यांना दिसला तो जवळजवळ सर्वसाधारण श्वास. बसल्या जागी तो नेहमीसारखा, झोपेत चालू राहणारा आणि कष्ट केले की गरजेप्रमाणे वाढणारा. कारण श्वासाचा हुकूम फुप्फुसातून निघतच नाही. तो मेंदूच्या देठातून निघतो. रक्तातल्या वायूंवर नजर ठेवणारी मानेतली कॅरॉटिड केंद्रं, बरगड्यांचे स्नायू, हलणारे हातपाय हे सगळे मेंदूला माहिती देत असतात आणि हे सगळे रुग्णाचे स्वतःचेच असतात. शस्त्रक्रियेने त्यांना हात लावलेला नसतो.

श्वासनलिकांची गोष्ट याहून बारकाईने पाहण्याजोगी आहे. निरोगी माणूस शांत बसलेला असतो तेव्हा व्हेगस त्याच्या श्वासनलिकांच्या स्नायूंना किंचित आवळून धरते. तो धावायला लागला की दोन गोष्टी घडतात. व्हेगसची पकड सैल पडते आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. नलिका रुंदावतात. हे रुंदावणं हवंच, कारण बसलेल्या माणसाच्या फुप्फुसातून मिनिटाला सहा-आठ लिटर हवा ये-जा करते आणि धट्टाकट्टा तरुण जीव तोडून धावतो तेव्हा हाच आकडा शंभराच्या पलीकडे जातो. प्रत्यारोपित फुप्फुसात व्हेगसचा हात मुळातच नसतो, म्हणून सैल होण्याजोगी पकडही नसते. राहतं ते ॲड्रिनलिन. आणि माणसाच्या श्वासनलिकांची घडण अशी की स्नायूंपर्यंत पोचणारे सिंपथेटिक मज्जातंतू निरोगी अवस्थेतही अगदी थोडे असतात. नलिका सैल करण्याचं बरंचसं काम रक्तातून आलेलं ॲड्रिनलिन स्नायूंवरच्या बीटा-२ ग्राहकांना चिकटून करतं. ते ग्राहक दात्याच्या फुप्फुसासोबत आलेले असतात. तार तुटली तरी टपाल चालू असतं, तसा हा प्रकार. निरोप पोचतो, फक्त वाट वेगळी.

इथे जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो दमदार आहे. १९८७ साली स्टॅनफर्डच्याच डॉक्टरांनी दाखवलं की हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्यांच्या श्वासनलिका मेथाकोलीन हुंगवल्यावर फार थोड्या मात्रेतच आकसतात. मेथाकोलीन म्हणजे दम्याच्या तपासणीत वापरतात ते रसायन. मज्जातंतू तुटलेला स्नायू रसायनाला जास्त तीव्र प्रतिसाद देतो, असा एक खुलासा त्यावर पुढे आला. तो पूर्ण पटत नाही, कारण नलिकेच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या शेवटच्या गाठी फुप्फुसासोबतच आलेल्या असतात, तुटतो तो त्यांच्या अलीकडचा धागा. कारण काहीही असो, नलिका चटकन आकसतात हे खरं. मग व्यायाम धोक्याचा नाही का?

हे दोन प्रश्न एक नाहीत. मेथाकोलीन स्नायूवर थेट चाल करतं. व्यायामाने दमेकऱ्याची नलिका आकसते ती आडवाटेने. भराभर घेतलेल्या श्वासाने आतलं अस्तर कोरडं आणि थंड पडतं, सुजलेल्या अस्तरातल्या पेशी चिथावतात, त्या रसायनं ओततात आणि मग स्नायू आवळतो. म्हणून दम्याच्या निदानातही या दोन चाचण्या वेगळ्या मानतात. एकीत वाईट निकाल आला म्हणजे दुसरीतही येईलच असं नाही. ज्याच्या फुप्फुसात दम्याची सूजच नाही त्याला प्रयोगशाळेतल्या मेथाकोलीनच्या आकड्यावरून चालण्याची बंदी घालणं म्हणजे एका चाचणीच्या निकालावर दुसऱ्या परीक्षेत नापास करणं. उलट मी म्हणेन की प्रत्यारोपणानंतर परिश्रमाने छातीत सूं-सूं वाजायला लागलं तर ‘होतं असं’ म्हणून सोडूच नये. सांध्याशी नलिका अरुंद झाली आहे का, संसर्ग आहे का, शरीर फुप्फुस नाकारू लागलंय का, हे लगेच पाहिलं पाहिजे. आणि माणूस चाललाच नाही तर ही खूण दिसणार कुठे?

श्वास अपुरा पडल्याची जाणीव, तीही फुप्फुसातूनच येते असं आपण धरून चालतो. लंडनजवळच्या हेअरफील्ड रुग्णालयात, जिथे मॅग्दी याकूब यांनी अशा शस्त्रक्रियांची मोठी परंपरा उभी केली, तिथल्या हृदय-फुप्फुस प्रत्यारोपितांवर केलेलं एक काम १९९६मध्ये प्रसिद्ध झालं. कार्बन डायऑक्साइड वाढवून श्वासाची ओढ निर्माण केली आणि मग त्यांना जास्त श्वास घेऊ दिला की त्यांची कासाविशी कमी व्हायची, मज्जातंतू शाबूत असलेल्या माणसांसारखीच. ज्या फुप्फुसाचा मेंदूशी संबंध तुटलेला आहे त्यातूनही श्वास घेतल्याचं समाधान मिळतं. म्हणजे हे समाधान बऱ्याच अंशी छातीच्या भिंतीतून आणि मेंदूतूनच येतं. अनोळखी फुप्फुस श्वासाला साथ देणार नाही, ही घरच्यांची धास्ती इथे टिकत नाही.

मग प्रत्यारोपणानंतर माणूस थकतो का? थकतो, आणि चांगलाच थकतो. सायकल किंवा ट्रेडमिलवर शक्तीच्या शेवटापर्यंत नेऊन मोजलं तर या रुग्णांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारणपणे अपेक्षित आकड्याच्या चाळीस ते साठ टक्क्यांतच अडकते. हे अपयश फुप्फुसाचं धरावं तर हिशेब जुळत नाही. परिश्रमाच्या टोकाला पोचल्यावरही श्वासाची राखीव ताकद शिल्लक असते. रक्तातला ऑक्सिजन बहुधा घसरत नाही. आणि मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. एक फुप्फुस बसवलेल्या आणि दोन फुप्फुसं बसवलेल्या रुग्णांची तुलना टोरोंटोतून १९९२मध्ये आली. फुंकर मोजण्याच्या चाचणीत दोन फुप्फुसंवाले अर्थातच सरस ठरले, पण परिश्रमाची कमाल क्षमता दोघांची जवळपास सारखीच. फुप्फुस दुप्पट करूनही माणूस पुढे जात नसेल तर अडसर फुप्फुसात नाही, हे कबूल करावंच लागतं.

अडसर मांडीत आहे. स्नायूंचे तुकडे तपासले तेव्हा त्यांत दीर्घकाळ काम करणारे, ऑक्सिजनवर चालणारे तंतू कमी निघाले आणि मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जा तयार करण्याची ताकद खालावलेली निघाली. रक्त ऑक्सिजन घेऊन दारात येतं, स्नायूला तो उचलता येत नाही. लॅक्टेट लवकर चढतं, पाय भरून येतात. हे एका दिवसात घडलेलं नसतं. प्रत्यारोपणाआधीची महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं ऑक्सिजनच्या नळीशी बांधलेली बैठी अवस्था, अतिदक्षता विभागातले पडून काढलेले दिवस, स्नायू आणि हाडं दोन्ही झिजवणारी स्टेरॉइडं, रक्तक्षय. त्यात अवयव टिकवणाऱ्या औषधांचाच वाटा. सायक्लोस्पोरिन मायटोकॉन्ड्रियाच्या कामात अडथळा आणतं हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे आणि टॅक्रोलिमस त्याच गटातलं औषध. ज्या गोळीवर फुप्फुस जगतं, तीच पायांना मारक ठरण्याचा संशय आहे. गोळी सोडता येत नाही. मग दुसऱ्या बाजूने स्नायूला बळ देणं एवढंच हातात उरतं. म्हणून व्यायामाला मी ऐच्छिक मानत नाही. गोळ्यांइतकंच त्याचं स्थान उपचारात आहे.

फिजिओथेरपी विभागातली सहा मिनिटांची चालण्याची चाचणी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. तीस मीटरची सरळ मार्गिका, दोन टोकांना दोन शंकू, बोटाला ऑक्सिमीटर. थेरपिस्ट मिनिटामिनिटाला ठरलेलं वाक्य म्हणतात, रुग्ण फेऱ्या घालतो. थांबल्यावर शून्य ते दहा आकड्यांचा बोर्ग तक्ता समोर धरतात आणि दोन वेगळे प्रश्न विचारतात: दम किती लागला? पाय किती थकले? शस्त्रक्रियेपूर्वी पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर असतं आणि पायांचा विचार करायला सवडच नसते. शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिमीटर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दाखवत असतो, माणूस बोलू शकत असतो, तरीही मांडी चोळत खुर्ची शोधतो. दम तीन, पाय सात. तो स्वतःच चक्रावलेला असतो, कारण इतकी वर्षं ‘माझं दुखणं छातीत’ हेच त्याने पाठ केलेलं असतं. ही दोन उत्तरं एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिली तर घरच्यांची समजूत अर्ध्या तासात बदलू शकते. आणि तेवढंच होत नाही. घरी येतो तो कागद फुप्फुसाचा, औषधांचा आणि पुढच्या भेटीच्या तारखेचा.

पायांना पुन्हा उभं करता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०१२मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दवाखान्यातून सुटल्यानंतर तीन महिने देखरेखीखाली व्यायाम केलेले रुग्ण वर्षअखेरीस जास्त चालत होते, त्यांच्या मांडीत जास्त जोर होता. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सात आठवड्यांचा कार्यक्रम आणि चौदा आठवड्यांचा कार्यक्रम यांची तुलना झाली, तेव्हा दोन्हींचा लाभ जवळपास सारखा निघाला. ही आपल्यासाठी मोठी बातमी आहे. नांदेडहून किंवा रत्नागिरीहून चेन्नईला, हैदराबादला, मुंबईला जाऊन दवाखान्याजवळ खोली भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाला सात आणि चौदा आठवड्यांतला फरक पैशांत मोजता येतो. आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या परिश्रमाची मर्यादा कुठवर ताणता येते हे पाहायचं असेल तर २०१७ साल आठवावं. व्हिएन्नाच्या वैद्यकीय पथकासोबत फुप्फुस प्रत्यारोपण झालेली माणसं टान्झानियात किलिमांजारो चढायला गेली आणि त्यांतल्या बहुतेकांनी ५,८९५ मीटरचं शिखर गाठलं. ती निवडक, घोटून तयारी केलेली माणसं होती, प्रत्येकाने तिथे जावं असं कुणी म्हणत नाही. पण हेरिंग आणि ब्रॉयर यांच्याच शहरातून निघालेली, व्हेगस तुटलेली फुप्फुसं त्या विरळ हवेत काम करत होती, एवढं खरं.

भीतीच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे आणि ते झाकून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. व्यायामाने शरीर फुप्फुस नाकारणं थांबतं असा पुरावा नाही. प्रत्यारोपणानंतरच्या वर्षांत बारीक श्वासनलिका हळूहळू व्रणाने बुजत जातात. ब्रॉन्कियोलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात ते हेच. दीर्घकाळ जगण्यातला तोच सर्वांत मोठा अडथळा आहे आणि कितीही चाललं तरी तो टळेल असं वचन कुणी देऊ नये. दुसरं, सांध्याखालच्या नलिकांतून खोकल्याचा इशारा मेंदूपर्यंत जात नाही. इंग्लंडमधल्या पॅपवर्थला १९८९मध्ये धुक्यासारखं केलेलं शुद्ध पाणी हुंगवून पाहिलं, तेव्हा या रुग्णांचा खोकला फारच मंद निघाला. कफ साचला तरी उबळ येत नाही. पण याचा निष्कर्ष मी उलटा काढतो. ज्याला खोकला बोलावत नाही त्याने खोल श्वास आणि हालचाल ठरवून केली पाहिजे. अंथरुणावर पडून राहणं त्याच्या फुप्फुसाला सर्वांत वाईट.

तिसरी भीती हवेची, आणि इथे मी घरच्यांच्या बाजूने आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला बांधकामाची धूळ, कुजलेला पालापाचोळा, ओली माती यांतून येणारी ॲस्परजिलस बुरशी जिवावर बेतू शकते. कबुतरांच्या विष्ठेपासूनही लांबच राहायला हवं. मुंबईत कबुतरखान्यांवरून २०२५मध्ये झालेला वाद अनेकांना भावनेचा वाटला, पण त्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने होणारी फुप्फुसाची सूज काहींमध्ये फायब्रोसिसपर्यंत जाते आणि फायब्रोसिस हे प्रत्यारोपणाचं एक मुख्य कारण आहे. तेव्हा रस्त्यावर, गर्दीच्या जिममध्ये जाऊ नका म्हणणारी मुलगी चुकीचं बोलत नाही. तिचं चुकतं ते पुढच्या वाक्यात, ‘म्हणून बसून राहा’ म्हणण्यात. इमारतीचा जिना आहे, गच्ची आहे, सकाळची मोकळी वेळ आहे, मास्क आहे. छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलायचं नाही, हा नियम काही आठवड्यांचा आहे. चालण्याला तो लागू नाही.

बसून राहण्यातला खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. फुंकरीचा पहिल्या सेकंदाचा आकडा, एफईव्ही-१, रुग्णाच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी किंवा त्याहून घसरला आणि घसरलेलाच राहिला की नकाराचा जुनाट प्रकार सुरू झाल्याचं मानतात. श्वासाची एवढी राखीव ताकद असताना वीस टक्के गेलेले खुर्चीवर बसलेल्या माणसाला जाणवतीलच कसे? रोज चार मजले चढणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर काहीतरी बदललंय हे कळतं. जो चढतच नाही त्याला कळत नाही, आणि त्याने फुंकर मोजणारा घरचा स्पायरोमीटरही कंटाळून कपाटात ठेवला असेल तर कुणालाच कळत नाही. एकदा बुजलेली बारीक नलिका सहसा पुन्हा मोकळी होत नाही. दिवसांची किंमत असते ती इथे.

टोरोंटोत प्रतीक्षा यादीत नाव असलेल्या रुग्णालाही ऑक्सिजन लावून ट्रेडमिलवर चालवतात, तो कार्यक्रम शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग धरला जातो. आपल्याकडे शस्त्रक्रियेसाठी वर्गणी जमते, ट्रस्ट धावून येतात, विमानाने अवयव नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. तीन महिन्यांनंतरच्या फिजिओथेरपीसाठी वर्गणी मागायची कल्पनाही कुणाला सुचत नाही, आणि सर्वसाधारण विम्यात बाहेरून घेतलेल्या व्यायामोपचाराचा खर्च सहसा बसत नाही. मला वाटतं, प्रत्यारोपणाचा खर्च सांगतानाच रुग्णालयाने पहिल्या तीन महिन्यांचा देखरेखीखालचा व्यायाम त्यात धरावा, तो वेगळ्या बिलावर ठेवूच नये. गावी परतणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट मिळावा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिओथेरपिस्टला बोर्ग तक्ता आणि ऑक्सिमीटर घेऊन काय पाहायचं याची लेखी सूचना जावी. डिस्चार्जच्या कागदावर टॅक्रोलिमसची मात्रा लिहितात त्याच रकान्याखाली चालण्याची मात्राही लिहावी: रोज किती मिनिटं, किती मजले, दम किती आकड्यापर्यंत चालेल, पाय किती, आणि कोणता आकडा दिसला की त्याच दिवशी फोन करायचा.